लिंबूटिंबू आणि गडी : अपंग व अव्यंग यांच्या सहक्रीडेचा इतिहास

१

मराठी मुलांच्या खेळांत एक जुनी सोय आढळते. मोठ्या मुलांचा डाव रंगात आला असता एखादे लहान, दुबळे किंवा पायाने अधू असलेले मूल ‘मलाही घ्या’ म्हणून आले, तर त्याला परत पाठवीत नाहीत. परंतु पुरता गडी म्हणूनही घेत नाहीत. त्याला ‘लिंबूटिंबू’ ठरवितात. कोठे ‘कच्चा लिंबू’ असेही म्हणतात. लिंबूटिंबू इतरांबरोबर धावतो, ओरडतो, शिवतो आणि शिवलाही जातो. पण शिवला गेल्याने तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही आणि डावाचा हिशेब करताना त्याला कोणी मोजीत नाही. शब्दाची घडणही त्याच्या अर्थाला साजेशी आहे. ‘टिंबू’ या पदाला स्वतःचा अर्थ नाही. मराठीतील इतर अंशाभ्यस्त शब्दांप्रमाणे येथेही दुसरे पद पहिल्याच्या आधाराने उभे राहते.

याच्या उलट संज्ञा ‘गडी’ ही होय. गडी बाद होतो, गडी राखला जातो, गडी कमी पडला तर डाव सुरू होत नाही. ज्याच्या बाद होण्याने संघाचे काही जाते तो गडी, आणि ज्याच्या बाद होण्याने कोणाचेच काही जात नाही तो लिंबूटिंबू, असा या दोन शब्दांतील भेद थोडक्यात सांगता येईल.

लिंबूटिंबूच्या प्रथेत दया आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मुलाला मैदानाबाहेर बसविण्यापेक्षा ती निश्चितच बरी. तथापि लहान मूल वर्षा-दोन वर्षांत मोठे होऊन आपोआप गडी बनते. अपंग मूल मात्र जन्मभर लिंबूटिंबूच राहण्याचा संभव असतो. २०१७ साली प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेला ‘कच्चा लिंबू’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. जयवंत दळवी यांच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचा विषय विशेष गरजा असलेल्या मुलाच्या आईवडिलांचे जीवन हा आहे. खेळातील संज्ञा त्या जीवनाला किती सहज लागू पडली, हे या नावावरून दिसते.

अपंगांच्या क्रीडेचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दोन शब्दांच्या आधारे पाहता येतो. अपंगाला खेळात घेतले की नाही, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. त्याला कोणत्या नात्याने घेतले, हे पाहावे लागते. अपंग व अव्यंग खेळाडूंना एका मैदानावर आणण्याचे जे प्रयत्न यशस्वी झाले, त्यांनी खेळाडूला हिशेबातून वगळले नाही, तर खेळाचा नियम बदलला, असे या इतिहासावरून दिसून येते.

२

नियम बदलून सर्वांना एका पातळीवर आणण्याची कल्पना मराठी खेळांना अपरिचित नाही. लंगडी या खेळात पाठलाग करणाऱ्या गड्याला एका पायावरच धावावे लागते. वर धरलेला पाय जमिनीला टेकला की तो बाद होतो. आंधळी कोशिंबीर या खेळात ज्याच्यावर राज्य येते त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि त्याने आवाजावरून इतरांना शोधावयाचे असते. धडधाकट मुले आपण होऊन एका अवयवाचा उपयोग सोडतात आणि त्यातूनच खेळाची रंगत निर्माण होते. मात्र या उसन्या अपंगत्वाची मुदत राज्य उतरेपर्यंतच असते. जे मूल खरोखरच लंगडे असते त्याला लंगडीत घेतलेच तर लिंबूटिंबू म्हणूनच घेतात, ही विसंगती आपल्या क्रीडापरंपरेने फारशी मनावर घेतली नाही.

इंग्रजीतील ‘हँडिकॅप’ या शब्दाचा इतिहासही येथे उद्‌बोधक आहे. सतराव्या शतकात हे वस्तूंच्या अदलाबदलीच्या एका खेळाचे नाव होते. त्या खेळात पैजेची रक्कम टोपीत ठेवून सर्वजण टोपीत हात घालीत, त्यावरून हा शब्द बनला. पुढे तो घोड्यांच्या शर्यतीत आला. तेथे बलवान घोड्यावर अधिक वजन लादून चुरस समान करीत आणि त्या वजनाला हँडिकॅप म्हणत. म्हणजे मूळ क्रीडापरिभाषेत हँडिकॅप हा बलवानाने वाहावयाचा भार होता. विसाव्या शतकात तोच शब्द दुर्बलाच्या शरीरातील उणिवेचे नाव झाला आणि समतेसाठी करावयाच्या व्यवस्थेचा अर्थ मागे पडला.

मराठीतही या विषयाची नावे पालटत गेली. ‘पंगू’, ‘अपंग’, ‘विकलांग’ यांच्यानंतर २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचविल्यापासून शासनव्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. नावातील आदर महत्त्वाचा खरा. परंतु नाव बदलल्याने मैदानावरील स्थान आपोआप बदलत नाही. ते बदलण्याचे काम नियमांनीच करावे लागते.

३

अपंगांच्या संघटित क्रीडेचा आरंभ मात्र अव्यंगांपासून वेगळा राहून झाला. कर्णबधिरांची क्रीडामंडळे एकोणिसाव्या शतकातच युरोपात निघाली होती आणि १९२४ साली पॅरिस येथे त्यांचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने भरले. अंधांचे क्रिकेट १९२२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सुरू झाले. तेथील अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरून त्याचा चेंडू केला आणि त्याच्या खुळखुळण्यावरून फटके मारण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारात खेळाला स्थान दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी १६ रुग्णांचा तिरंदाजीचा सामना भरविला. १९६० साली रोम येथे भरलेल्या स्पर्धेत २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडू उतरले. हीच पुढे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा मानली गेली.

‘पॅरालिंपिक’ या शब्दात घडलेला अर्थपालट लक्षात घेण्यासारखा आहे. आरंभी त्यातील पहिला भाग ‘पॅराप्लेजिया’ म्हणजे कमरेखालील पक्षाघात या वैद्यकीय शब्दातून आला होता. पुढे अंध, अवयव गमावलेले आणि इतर खेळाडू आले, तेव्हा त्याच भागाची उपपत्ती ग्रीक ‘पारा’ म्हणजे ‘शेजारी’ अशी लावण्यात आली. रोगाचे नाव जाऊन शेजाराचे नाव आले. १९८८ साली सोल येथे ऑलिंपिकच्याच क्रीडांगणांवर पॅरालिंपिक सामने भरले, तेव्हा या नव्या अर्थाला प्रत्यक्ष आधार मिळाला. तथापि शेजार म्हणजे सहवास नव्हे. मैदान एक झाले, पण दिवस वेगळेच राहिले.

या पर्वातील महाराष्ट्राचे मोठे नाव म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे पेटकर हे लष्करात मुष्टियोद्धे म्हणून ओळखले जात. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालील शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय. त्यांना ‘पद्मश्री’ २०१८ साली मिळाली, आणि २०२४ या वर्षाचा जीवनगौरव अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत प्रदान झाला. विक्रम आणि पुरस्कार यांमधील अंतर अर्ध्या शतकाचे आहे. जगाच्या स्पर्धेत पहिला आलेला हा गडी देशाच्या हिशेबात दीर्घकाळ मोजला गेला नव्हता, असाच याचा अर्थ होतो.

वेगळ्या संघटनांचे कार्य कमी लेखण्याचे कारण नाही. अपंग मनुष्य खेळू शकतो, इतकेच नव्हे तर विक्रम करू शकतो, हे त्यांनीच सिद्ध केले. परंतु अव्यंग शेजाऱ्याबरोबर सायंकाळी एका मैदानावर खेळण्याचा प्रश्न त्यांच्या कक्षेत फारसा आला नाही.

४

हा दुसरा प्रश्न निरनिराळ्या खेळांनी निरनिराळ्या प्रकारे सोडविला. त्या उपायांचे स्थूल मानाने चार प्रकार करता येतात.

पहिल्या प्रकारात खेळ तोच राहतो, फक्त त्याचे माध्यम बदलते. बुद्धिबळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत अंध खेळाडूसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. अंध खेळाडू खाचा असलेला आपला वेगळा पट वापरतो, मोहरी हाताने चाचपतो आणि उभय खेळाडू आपापली चाल मोठ्याने उच्चारतात. याखेरीज खेळात काहीही बदलत नाही. प्रतिस्पर्धी डोळस असो वा अंध, मात ही मातच. महाराष्ट्रातील चारुदत्त जाधव यांच्या पुढाकाराने अंधांच्या बुद्धिबळाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. परंतु तिचे खेळाडू डोळसांच्या स्पर्धांतही खेळू शकतात, कारण नियम त्यांना आडवा येत नाही.

दुसऱ्या प्रकारात एकाच डावात दोन नियम चालतात. चाकाच्या खुर्चीवरील टेनिसचा आरंभ १९७६ साली अमेरिकेत झाला. त्यात चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालतात. टेनिसच्या अधिकृत नियमावलीत पुढे असे कलम आले की, खुर्चीवरील खेळाडू अव्यंग खेळाडूबरोबर किंवा त्याच्याविरुद्ध खेळत असेल तर खुर्चीवरील खेळाडूला दोन टप्पे आणि अव्यंगाला एकच टप्पा मिळावा. एक जाळे, एक चेंडू, दोन नियम आणि गुण मात्र एकच, अशी ही व्यवस्था आहे. येथे सवलत चेंडूच्या टप्प्याला मिळते, गुणाला मिळत नाही. दुसऱ्या टप्प्यानंतर चेंडू हुकला तर खुर्चीवरील खेळाडूचा गुण जातोच. लिंबूटिंबूची प्रथा आणि ही व्यवस्था यांमधील फरक याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही.

तिसऱ्या प्रकारात सर्वच खेळाडू एकसारखे बंधन स्वीकारतात. अंधांच्या फुटबॉलमध्ये मैदानातील चारही खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे कोणाला थोडे दिसते व कोणाला मुळीच दिसत नाही हा भेद उरत नाही. चेंडूत खुळखुळा असतो. चेंडू घेण्यास जाणाऱ्याने ‘व्हॉय’ म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘मी जातो’ असा पुकारा केला पाहिजे, असा नियम आहे. गोलरक्षक मात्र डोळस असतो आणि त्याच्या सूचनांवर संघाचा बचाव चालतो. २००४ पासून हा खेळ पॅरालिंपिकमध्ये आहे. आंधळ्या कोशिंबिरीशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. १९५६ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेला बैठा व्हॉलीबॉलही याच जातीचा. खेळाडूने चेंडू खेळताना बूड जमिनीवरून उचलता कामा नये, हा त्याचा मुख्य नियम आहे. पुरुषांच्या सामन्यात जाळ्याची उंची १.१५ मीटर असते. एकदा सर्वजण जमिनीवर बसले की पायांच्या बळाचा प्रश्न बराचसा संपतो. म्हणूनच अनेक देशांत मंडळांच्या पातळीवर अपंग व अव्यंग हा खेळ एकत्र खेळतात.

चौथा प्रकार मोजणीतच न्याय आणण्याचा होय. खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या शक्तीनुसार १ ते ४.५ पर्यंत अंक देतात आणि मैदानातील पाच जणांच्या अंकांची बेरीज आंतरराष्ट्रीय सामन्यांत १४ च्या वर जाऊ देत नाहीत. त्यामुळे अधिक अपंग खेळाडूला संघात घेणे हा उपकार नसून डावाची गरज ठरते. कॅनडा व जर्मनी येथील देशांतर्गत स्पर्धांत अव्यंग खेळाडूलाही खुर्चीवर बसून, ४.५ अंकांचा म्हणून, खेळता येते. अंधांच्या क्रिकेटमध्ये संपूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरतात आणि अशा क्षेत्ररक्षकाने एक टप्पा पडल्यानंतर टिपलेला झेलही ग्राह्य मानतात. गल्लीतील क्रिकेट खेळणाऱ्या मराठी मुलांना ‘एक टप्पा आउट’ हा नियम परिचित आहे. जागा अपुरी म्हणून मुलांनी काढलेली तोड येथे दृष्टीच्या उणिवेवर उपयोगी पडली.

या चार प्रकारांशिवाय बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठी वेगळा विचार करावा लागला. १९६८ साली युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने शिकागो येथे पहिले स्पेशल ऑलिंपिक्स सामने भरले. त्या संस्थेने पुढे ‘युनिफाइड’ म्हणजे संयुक्त संघांची पद्धत सुरू केली. अशा संघात बौद्धिक अपंगत्व असलेले खेळाडू आणि तसे अपंगत्व नसलेले सहखेळाडू बरोबरीने असतात. सहखेळाडूंनी सगळा खेळ आपल्याकडे ओढून घेऊ नये, यासाठीही नियम केलेले आहेत. एकाच संघात असूनही कोणी लिंबूटिंबू होऊ शकतो, याची जाण या नियमांमागे दिसते.

५

नागपूरच्या बाबतीत या इतिहासाचे दुवे विखुरलेले असले तरी ते पुरेसे बोलके आहेत. विजय मुनिश्वर हे नागपूरचे शक्तिउत्तोलक. त्यांना २००० साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि मार्गदर्शक म्हणून केलेल्या कार्याबद्दल २०२० साली जीवनगौरव श्रेणीतील द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या खेळाचे स्वरूप प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. अपंगांच्या शक्तिउत्तोलनात बाकावर उताणे पडून छातीवरून वजन उचलावयाचे असते आणि गट पडतात ते केवळ शरीराच्या वजनावरून, अपंगत्वाच्या प्रकारावरून नव्हे. ही क्रिया कोणत्याही व्यायामशाळेत अव्यंग तरुण रोज करतात. लोखंडाचे वजन उचलणाऱ्याचे पाय पाहत नाही. म्हणून व्यायामशाळा ही सहक्रीडेची सर्वांत सोपी जागा ठरते, फक्त तिच्या दारातील पायऱ्या आड येऊ नयेत.

दुसरे नाव कांचनमाला पांडे यांचे. जन्मांध असलेल्या आणि नागपुरात रिझर्व्ह बँकेच्या सेवेत असलेल्या या जलतरणपटूने २०१७ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटी येथील जागतिक पॅरा-जलतरण स्पर्धेत २०० मीटर वैयक्तिक मिडले प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या ‘एस ११’ या गटात सर्वांना काळे केलेले चष्मे लावावे लागतात आणि तलावाची भिंत जवळ आली की काठावरील सहायक मऊ टोकाच्या काठीने स्पर्श करून जलतरणपटूला वळण्याची सूचना देतो. अव्यंग मनुष्य येथे प्रतिस्पर्धी नसतो, दयाळू प्रेक्षकही नसतो. त्याची काठी क्षणभर उशिरा पडली तर शर्यत हातची जाते. क्रिकेटमध्ये नागपूरचे गुरुदास राऊत हे शारीरिक अपंगांच्या भारतीय संघातून खेळले. २०१९ साली इंग्लंडमध्ये झालेल्या जागतिक मालिकेचे विजेतेपद विक्रांत केणी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने मिळविले.

ही नावे वैयक्तिक पराक्रमाची आहेत. सामुदायिक व्यवस्थेच्या दृष्टीने नागपुरात उल्लेखनीय ठरली ती पारडी भागातील ‘अनुभूती’ समावेशक उद्यानाची योजना. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ती २०२३ च्या जानेवारीत जाहीर केली. सुमारे ९०,००० चौरस फूट जागेवरील हे उद्यान कायद्यात नमूद केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांचा विचार करून, परंतु सर्वसामान्य नागरिकांसाठीही खुले असे कल्पिले गेले. अपंगांचे वेगळे उद्यान न करता सर्वांचेच एक उद्यान करावे, ही त्यामागील दृष्टी सहक्रीडेच्या तत्त्वाशी जुळणारी आहे. तिला कायद्याचाही आधार आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या करारातील तिसाव्या अनुच्छेदाने अपंगांना मुख्य प्रवाहातील क्रीडेत भाग घेण्यास उत्तेजन देण्याचे कर्तव्य राष्ट्रांवर टाकले. भारताच्या २०१६ च्या अधिनियमातील तिसाव्या कलमानेही क्रीडासंस्थांनी अपंगांच्या सहभागासाठी उपाय योजावेत असे सांगितले.

विदर्भातील क्रीडाजीवन मात्र कायद्यापेक्षा मंडळांवर पोसले गेले आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, आणि वस्तीवस्तीतील लहान मंडळांनी कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या हे खेळ जिवंत ठेवले. सहक्रीडा रुजावयाची असेल तर ती याच भूमीत रुजेल. बैठ्या व्हॉलीबॉलला एक जाळे व सपाट जमीन पुरते. बुद्धिबळाला खाचांचा एक पट पुरतो. खुर्चीवरील बास्केटबॉलसारखा खेळ त्यामानाने महाग, कारण खेळाच्या खुर्च्यांची किंमत मोठी असते.

६

सहक्रीडेवर घेतले जाणारे आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, खुर्च्या व मैदाने मोजकीच असताना अव्यंग खेळाडूंना प्रवेश दिल्यास ते अपंगांची जागा अडवितील. दुसरा असा की, संघ संयुक्त असला तरी चेंडू बलवानांच्याच हाती खेळत राहील. दोन्ही आक्षेप निराधार नाहीत. अंकांची मर्यादा आणि संयुक्त संघांचे नियम त्यांतूनच निर्माण झाले. तिसरा आक्षेप अपंगांच्या वेगळ्या स्पर्धा बंद पडतील हा होय. परंतु दोन्ही व्यवस्था एकमेकींना पूरक आहेत. विक्रमासाठी समान गटातील स्पर्धा हवी, आणि रोजच्या खेळासाठी शेजारी हवा.

वरील चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. सवलत कोठे द्यावयाची याचा निर्णय खेळ सुरू होण्यापूर्वी होतो, तो सर्वांना माहीत असतो आणि डाव सुरू झाल्यावर कोणाचीही चूक माफ होत नाही. लिंबूटिंबूच्या प्रथेत याच्या नेमके उलट घडते. तेथे नियम तोच राहतो आणि चूक माफ होते. त्यामुळे माफी मिळालेल्या मुलाचे यशही कोणी खरे मानीत नाही. ज्याला हरता येत नाही त्याला जिंकताही येत नाही. अपंग खेळाडूची मागणी हरण्यातून सुटका मिळावी ही कधीच नव्हती. आपले बाद होणे खरे मानले जावे, हीच होती. एखाद्या मंडळाच्या मैदानावर सहक्रीडा खरोखर रुजली की नाही, हे पाहावयाचे झाल्यास तेथे किती अपंग मुले येतात एवढेच मोजून चालणार नाही. त्यांच्यावर राज्य येते की नाही, हेही पाहावे लागेल.